वैनगंगेकाठी एक दिवस: पवनीच्या तटावरून जे दिसतं ते कधीचं?

तुमच्या प्रपोजलमध्ये असं एखादं वाक्य आहे का, बघा: ‘हे प्राचीन नगर नदीकाठी मोक्याच्या जागी वसलेले असल्याने त्याचा विकास झाला.’ नगराचं नाव बदला, नदीचं नाव बदला, वाक्य तसंच चालतं. पैठणला चालतं, नाशिकला चालतं, पवनीलाही चालतं. सगळीकडे चालणारं वाक्य एका जागेबद्दल फारसं काही सांगत नसतं. मुलाखतीत समितीतल्या एखाद्या सरांनी विचारलं, ‘मोक्याची म्हणजे काय? कुणासाठी? कोणत्या शतकात?’, तर पुढचं वाक्य तयार हवं ना?

आजच्या लेखात या एका वाक्यासाठी एक दिवस चालायचं आहे. जागा आहे भंडारा जिल्ह्यातली पवनी. सकाळी वैनगंगेच्या घाटांवरून निघायचं, काठाकाठाने जायचं, जुन्या तटावर चढून नदी आणि गाव एका नजरेत घ्यायचं आणि दिवस कलायच्या आत जगन्नाथ टेकडीपाशी पोचायचं. फार मोठं अंतर नाही. पण थांबत, टिपणं घेत चाललात तर दिवस पुरत नाही.

निघण्याआधी: कागदावरची पवनी

आधी कागद वाचून घ्या. न वाचता गेलात तर पवनीत घाट आणि देवळंच दिसतील. देवळं इतकी आहेत की गावाला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात.

पवनी भंडारा शहराच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीखाली विटांचा एक प्रचंड स्तूप निघाला. त्याचा व्यास ४० मीटरच्या आसपास भरतो. तुलनेला सांचीचा मुख्य स्तूप घ्या, तो साधारण साडेछत्तीस मीटर आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी वेदिकेच्या अवशेषांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९९८ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मेमॉयर मालिकेत निघाला.

याशिवाय पवनीचे लेख आहेत. भार वंशातल्या भगदत्त राजाने पादुकापट्ट बसवल्याचा एक शिलालेख आहे. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा ‘छायास्तंभ’ आहे, म्हणजे त्याच्या स्मरणार्थ उभा केलेला खांब. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपटही पवनीत मिळाला आहे. म्हणजे इसवी सनाच्या आधीपासून पाचव्या शतकापर्यंत या गावात कुणी ना कुणी काहीतरी उभारत, कोरत किंवा दान देत होतं.

नदीही लेखांमध्ये येते. वाकाटकांच्या ताम्रपटांत ‘बेण्णा’ हे नाव असलेले प्रदेश आहेत आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही बेण्णा म्हणजे वैनगंगा असं मानलं. नाशिकच्या लेण्यातल्या एका लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला ‘बेणाकटकस्वामी’ म्हटलं आहे. तिथली बेणा हीच की दुसरी एखादी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे लक्षात ठेवा. नदीचं नाव लेखात सापडलं म्हणजे नदी सापडली असं होत नाही.

हे सगळं वहीच्या डाव्या पानावर लिहून घ्या. उजवं पान कोरं ठेवा. ते चालताना भरायचं आहे.

पहिला टप्पा: घाट आणि पाणी

वैजेश्वर घाटावर उभं राहा आणि पाण्याकडे बघा. पात्र रुंद आहे, पलीकडचा काठ दूर दिसतो. मधे वाळू उघडी पडलेली असेल, किंवा ती पूर्ण पाण्याखालीही असेल. मनात लगेच विचार येतो: ‘एवढ्या मोठ्या नदीमुळेच इथे शहर झालं असणार.’

इथे थांबा. हे पाणी कुठून येतंय?

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत खाली येते, पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या हद्दीवरून जाऊन वर्धा नदीला मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. पवनीच्या वरच्या अंगाला, अगदी जवळ, गोसीखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची पायाभरणी केली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. किती दरवाजे उघडले, किती बंद ठेवले, यावर घाटापाशी आज पाणी किती असेल हे बऱ्याच अंशी ठरतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरून पाणी आलं आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या गावांनी पूर बघितला. त्यात मध्य प्रदेशातल्या धरणाचा विसर्गही होता आणि गोसीखुर्दचाही.

म्हणजे घाटावरून दिसणारी नदी ही बऱ्याच अंशी गेल्या काही दशकांतली नदी आहे. तिच्यावरून सातवाहन काळातली वाहतूक ठरवता येणार नाही. आणखी एक गोष्ट वाळूची. वैनगंगेच्या वाळूला मोठी मागणी आहे. ट्रकांनी वाळू उचलली गेली की पात्राचा तळ बदलतो, आणि तळ बदलला की ‘उतार’ बदलतो. उतार म्हणजे पायी किंवा बैलगाडीने नदी ओलांडता येते ती जागा. जुन्या काळच्या वाटा शोधणाऱ्याला उताराची जागा पुलापेक्षा महत्त्वाची.

मग जुनी नदी कुठे बघायची? तीन ठिकाणं सांगतो.

एक, धरणाआधीचे नकाशे. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर उतार, नावेची जागा, बैलगाडीची वाट हे सगळं खुणांनी दाखवलेलं असतं. नवी आवृत्ती घेऊ नका, मुद्दाम जुनी मागा.

दोन, उपग्रहाची जुनी छायाचित्रं. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये गुप्ततेतून मोकळी केली गेली. धरणाचा दगडही बसला नव्हता तेव्हाचा हा मुलूख त्यांत बघता येतो. पुरातत्त्वाचे अभ्यासक ती भरपूर वापरतात.

तीन, माणसं. नदीवर डोंगा चालवणारे, जाळं टाकणारे, उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीवर डांगरवाडी लावणारे ढीवर बांधव. कुठे पाणी कमरेएवढं असायचं, कुठे डोह होता, कोणत्या महिन्यापर्यंत डोंगा लागायचा, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. धरणाआधीची नदी ज्यांनी जाणतेपणी वापरली त्यांचं वय आता वाढत चाललं आहे. अहवाल ग्रंथालयात आणखी शंभर वर्षं राहील. ही माणसं राहणार नाहीत. पवनीवर काम करायचं मनात असेल तर वाचनाची यादी संपायची वाट बघू नका, आधी इथे या.

दुसरा टप्पा: तटावरून

काठ सोडून आता तटावर या. पवनीच्या जुन्या वस्तीला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक होता, चौथ्या बाजूला नदी. काही ठिकाणी तटावर दगडी बांधकाम आहे. जुना दरवाजा अजून उभा आहे. वर चढलं की एका बाजूला घरांची छपरं आणि देवळांचे कळस, दुसऱ्या बाजूला धानाची शेतं आणि नदीकाठची झाडी. दिवसभरात सगळ्यात सुंदर दिसेल ते इथून. फोटो काढून घ्या, मग बसा आणि वही उघडा.

उंचावरून बघताना एक गडबड होते. समोरचं सगळं एकाच वेळी दिसतं, म्हणून ते एकाच काळातलं वाटायला लागतं. तटाची माती, त्यावरचा दगड, दरवाजा, देवळं, घाट, नदी हे सगळं मिळून एक ‘प्राचीन नगर’ डोळ्यांसमोर उभं राहतं. प्रत्यक्षात मातीचा भराव एका काळातला, त्यावरचा दगड पुष्कळ नंतरचा, घाट आणि देवळं त्याहून निराळ्या काळातली असू शकतात. नदीचं तर आपण आत्ताच बघितलं.

म्हणून तटावर बसून एक सोपं काम करा. समोर दिसणाऱ्या दहा गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: हिचा काळ मला कशावरून कळतो? उत्खननातल्या थरावरून, लेखावरून, बांधणीच्या शैलीवरून, कुणी सांगितलं म्हणून, की नुसतं वाटतं म्हणून? दहापैकी पाच-सहांपुढे ‘वाटतं म्हणून’ येईल. त्यात लाज वाटायचं कारण नाही. त्या पाच-सहा ओळी म्हणजे तुमचे संशोधन-प्रश्न आहेत.

आता तटाकडेच जरा नीट बघू. हा तट कशासाठी बांधला? ‘शत्रूपासून रक्षणासाठी’ हे उत्तर पटकन येतं. पण नदीकाठच्या गावाला पुराचीही भीती असते. तट पुरासाठी असता तर तो नदीच्या बाजूला हवा होता. इथे तो जमिनीच्या तीन बाजूंना आहे. म्हणजे पुराचा मुद्दा निकालात निघाला? इतकं सरळ नाही. मोठ्या पुराचं पाणी नाल्यांतून मागे चढतं आणि गावाला मागच्या बाजूने वेढतं. शिवाय खंदक खोदला की माती निघणारच आणि ती कुठेतरी टाकावी लागणार. खंदकात पाणी साठत असेल तर त्याचा उपयोग आणखी वेगळा. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे, पाणी अडवणं आणि साठवणं इथल्या लोकांना नवं नाही. तेव्हा प्रश्न असा लिहा: ‘पुराचं पाणी गावात कुठून शिरतं, आणि तटाची उंची त्या बाजूला वेगळी आहे का?’ हे मोजता येतं. २०२० च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे गावातलं कुणीही भिंतीवर हात ठेवून दाखवेल. ती खूण मोजा. मात्र धरणातून सोडलेल्या पाण्याचा पूर आणि धरणाआधीचा पूर सारखे चढत असतील असं गृहीत धरू नका, तसं टिपणात नोंदवा.

तिसरा टप्पा: जगन्नाथ टेकडीपर्यंतची पावलं

तटावरून उतरून जगन्नाथ टेकडीकडे निघताना घड्याळ बघा आणि वेळ लिहा. पोचल्यावर पुन्हा लिहा. पवनीबद्दलच्या पुस्तकांत न मिळणारा हा आकडा तुम्ही स्वतः मिळवलेला असेल.

त्याचा उपयोग काय? टेकडी तटाच्या बाहेर आहे, बालसमुद्र तलावाजवळ. स्तूप आणि विहार वस्तीबाहेर असणं नेहमीचंच. भिक्षूंना वस्तीच्या गलबल्यापासून दूर राहायचं होतं, पण भिक्षेसाठी गावात रोज जाऊन यायचंही होतं. सांची आणि विदिशा यांच्यात नऊ-दहा किलोमीटरचं अंतर आहे. पवनीत टेकडी गावाला चिकटूनच म्हणावी इतकी जवळ आहे. या फरकाचा अर्थ काय? इथल्या संघाचं शहराशी नातं जास्त रोजचं होतं का? वेदिकेवर नावं कोरून घेणारे दाते तटाच्या आतले होते की नदी उतरून आलेले? याची उत्तरं चालून मिळत नाहीत. पण मिनिटांचा आकडा हातात असला की प्रश्न विचारायला धीर येतो.

टेकडीला नाव मिळालं जगन्नाथाच्या मंदिरावरून. म्हणजे स्तूप मातीखाली गेला, विसरला गेला, तरी जागा पवित्रच राहिली. दा. ध. कोसंबी पुण्याच्या परिसरातल्या टेकड्या, देवीची ठाणी आणि जुन्या वाटा पायी हिंडून बघत आणि आजचं ठाणं जुन्या वाटांच्या जाळ्यात कुठे बसतं हे तपासत. १९६२ मधलं त्यांचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ वाचलं नसेल तर वाचा. चालण्याला इतिहासाची पद्धत बनवणारं तसं पुस्तक आपल्याकडे दुसरं चटकन आठवत नाही.

चालण्यावर आक्षेपही आहेत

व्हायव्हाला हे विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर टिली यांनी १९९४ च्या पुस्तकात असं मांडलं की प्राचीन स्मारकं समजायची तर भूप्रदेशातून चालत जाऊन, शरीराने अनुभवून समजली पाहिजेत. पुष्कळांना ते पटलं. अँड्र्यू फ्लेमिंग यांनी २००६ च्या लेखात त्यावर सडकून टीका केली. तुमचा अनुभव दुसऱ्याने तपासायचा कसा, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसालाही तसंच वाटलं हे कशावरून, असा टीकेचा रोख.

मधला रस्ता बघायचा असेल तर ज्युलिया शॉ यांचं सांची परिसरावरचं काम बघा, २००७ चं पुस्तक आहे. त्यांनी चालूनच सर्वेक्षण केलं, पण स्तूप, वस्त्या आणि जुने बंधारे यांच्या नोंदी करून ते नकाशावर मांडले. एका स्तूपावरून दुसरा दिसतो का, हा प्रश्नही त्यात येतो.

पवनीत हेच करायचं म्हटलं तर? तटावरून टेकडी आज नीट दिसत नाही असं समजा, मधे घरं आणि झाडं आहेत. क्यूजीआयएसमध्ये व्ह्यूशेड काढता येतो. त्यासाठी लागणारी उंचीची माहिती फुकट मिळते. एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून घेतलेला आहे. तेव्हा गोसीखुर्दचं पाणी अजून साठलेलं नव्हतं, त्यामुळे धरणाच्या वरच्या बाजूचं खोरं त्यात कोरडं मिळतं. नंतरचा डेटा घेतलात तर तिथे सपाट पाणी येईल. वर्ष न बघता फाइल उतरवली की अशी फसगत होते. आणि स्तूप मुळात किती उंच होता, हे गृहीतक तुम्हाला उघडपणे लिहावं लागेल. दोन-तीन वेगवेगळ्या उंची धरून निकाल काढा आणि सगळे द्या.

अंभोऱ्याचं दृश्य

धरणाच्या खालची बाजू बघितली. आता वरच्या बाजूचं एक ठिकाण, कारण नदी आणि दृश्य हे शब्द आले की आजकाल पहिल्यांदा तेच आठवतं. अंभोरा नागपूर जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांचं नाव परंपरेने या जागेशी जोडलेलं आहे, आणि मराठवाड्यातलं अंबाजोगाईही तोच दावा सांगतं. २०२४ मध्ये इथे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा केबलवर तोललेला पूल सुरू झाला. त्याच्या मनोऱ्यावर उंच प्रेक्षक-गॅलरी आहे. तिथून चहूकडे पसरलेलं निळं पाणी दिसतं.

ते पाणी गोसीखुर्दचं आहे. त्याखाली शेतं गेली, गावं उठली, लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले. गॅलरीत उभं राहून ‘मुकुंदराजांनी हेच दृश्य बघितलं असेल’ असं कुणी म्हणालं, तर ते ऐतिहासिकदृष्ट्या चूक आहेच. शिवाय त्या एका वाक्यात ती उठलेली गावं दुसऱ्यांदा बुडतात. दृश्याचा काळ विचारणं ही केवळ पद्धतीची शिस्त नाही. त्या दृश्याची किंमत कुणी मोजली हेही त्याच प्रश्नातून कळतं. तुमचा विषय वाकाटक असो की बौद्ध स्थापत्य, आज त्या जमिनीवर कोण राहतं आणि कालपर्यंत कोण राहत होतं याची एक ओळ प्रबंधात असायला हवी.

संध्याकाळचं काम

परत आल्यावर, झोपायच्या आधी, उजव्या पानावर तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, अनुमान. दिवसभरातली प्रत्येक नोंद एका रकान्यात टाका. ‘तीन बाजूंना तट आहे’ हे पाहिलं. ‘अमुक जागी उतार होता’ हे ऐकलं, पुढे सांगणाऱ्याचं अंदाजे वय आणि ते कोणत्या वर्षांबद्दल बोलत होते ते लिहा. ‘उतारावर ताबा ठेवण्यासाठी शहर इथे वसलं’ हे अनुमान. प्रबंधात तिन्ही येऊ शकतात, पण त्यांची सरमिसळ झाली की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

काही व्यवहारी गोष्टी. हिवाळ्यात जा, एप्रिल-मेच्या उन्हात विदर्भात दिवसभर तटावर बसणं झेपणार नाही. पात्रात उतरायचं तर आधी गावात विचारा, पाणी सोडलं जाणार असेल तर उतरू नका. खापर किंवा विटेचा तुकडा दिसला तर उचलून खिशात टाकू नका. फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागेची नोंद करा आणि तिथेच राहू द्या. जागेवरून हललेल्या खापरातून आपल्याला मिळणारी निम्मी माहिती गेलेली असते. कुणाशी बोललात तर त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांनी सांगितलेलं तुम्ही कशासाठी वापरणार हे सोप्या शब्दांत सांगा.

आता ते सुरुवातीचं वाक्य पुन्हा लिहून बघू. ‘पवनीची प्राचीन वस्ती वैनगंगेच्या काठावर असून तिच्या जमिनीकडील तीन बाजूंना तट व खंदक आहेत. स्तूप तटाबाहेर, चालत इतक्या मिनिटांच्या अंतरावर आहे. धरणापूर्वीच्या नकाशांवरून आणि स्थानिक मुलाखतींवरून नदीचे उतार निश्चित करून, वस्ती, स्तूप आणि उतार यांच्या परस्परसंबंधांवरून पवनीच्या स्थाननिवडीची कारणे तपासणे हा या प्रकरणाचा उद्देश आहे.’ लांबलंय खरं, पण हे वाक्य पैठणला चालणार नाही आणि नाशिकलाही नाही. त्यातली ‘इतक्या’ ही जागा मी रिकामीच ठेवली आहे. तो आकडा तुमच्या पायांनी भरा.